संत ऑगस्टीन: तयारी होण्याआधीच आलेली हाक



ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ख्रिस्तसभा लागोपाठ दोन दिवस एका आईची आणि तिच्या मुलाची आठवण करते. २७ तारखेला संत मोनिका आणि २८ तारखेला संत ऑगस्टीन. आईची कथा आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. वाट चुकलेल्या मुलासाठी तिने वर्षानुवर्षे केलेली प्रार्थना, गाळलेले अश्रू आणि शेवटी त्या मुलाने घेतलेला बाप्तिस्मा. प्रवचनातसुद्धा आम्ही धर्मगुरू ही कथा बहुधा बाप्तिस्म्यापर्यंत आणतो आणि तिथेच थांबतो. पण बाप्तिस्मा झाला तेव्हा ऑगस्टीन बत्तीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर ते आणखी त्रेचाळीस वर्षे जगले. त्या त्रेचाळीस वर्षांच्या सुरुवातीचा एक प्रसंग आज सांगावासा वाटतो. भरलेल्या चर्चमध्ये हा विद्वान माणूस सर्वांदेखत रडला, आणि तो रडत असतानाच लोकांनी त्याला आपला धर्मगुरू करून घेतले.

हाच प्रसंग निवडायला कारण आहे. मिस्सात वाचन करायला, मुलांना धर्मशिक्षण द्यायला, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना चालवायला किंवा धर्मग्राम परिषदेवर यायला आम्ही माणसे शोधतो, तेव्हा एक उत्तर हमखास मिळते. आपली तेवढी तयारी नाही, आपले शिक्षण नाही, आपण त्या लायकीचे नाही, दुसऱ्या कुणाला तरी विचारा. असे सांगणारा माणूस बहुधा प्रामाणिक असतो. म्हणून त्याचे उत्तर हसण्यावारी न नेता नीट तपासायला हवे. ऑगस्टीन ह्यांच्या आयुष्यात हे उत्तर दोनदा येते, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे.

ऑगस्टीन ह्यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तगास्ते ह्या गावी झाला. आज ते अल्जेरियात आहे आणि सूक आहरास ह्या नावाने ओळखले जाते. वडील पॅट्रिशियस हे बेताची जमीन असलेले गृहस्थ. मुलाला शिकवायची हौस मोठी, पण पैसा अपुरा. त्यामुळे सोळाव्या वर्षी ऑगस्टीन ह्यांना शाळा सोडून वर्षभर घरी बसावे लागले. पुढे गावातल्या एका श्रीमंताने मदत केली आणि ते कार्थेजला गेले. वक्तृत्व हा त्या काळी मानाचा आणि पैशाचा विषय होता. त्यात ते तरबेज झाले. कार्थेजलाच लग्नाशिवाय एका स्त्रीबरोबर त्यांनी संसार मांडला, अदेओदातुस नावाचा मुलगा झाला. मानी ह्या इराणी धर्मपुरुषाच्या पंथात ते सुमारे नऊ वर्षे राहिले. जगातला चांगुलपणा आणि वाईटपणा ही दोन वेगळी राज्ये आहेत, असे तो पंथ शिकवत असे. ३८३ साली ते रोमला गेले आणि ३८४ साली मिलान शहरात सरकारी वक्तृत्वशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. बादशहाचा दरबार तेव्हा मिलानमध्ये होता. खेड्यातून आलेल्या मुलाने ह्यापेक्षा वर कुठे जायचे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला भेटले ते हे ऑगस्टीन. वाईटाचे मूळ कुठे, काळ म्हणजे काय, स्मरणशक्ती कशी चालते, असे प्रश्न विचारणारे बुद्धिमान ऑगस्टीन. परीक्षेला ते फार उपयोगी पडले. धर्मग्रामात आल्यावर मात्र आम्हांला जवळचे वाटू लागले ते हिप्पोचे ऑगस्टीन. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी मिलानमधले एक वर्ष पाहू.

मिलानचे बिशप संत अँब्रोझ. त्यांची स्वतःची कथाही ऐकण्यासारखी आहे. ते त्या प्रांताचे राज्यपाल होते. ३७४ साली बिशपांच्या निवडीवरून दंगल होईल म्हणून शांतता राखण्यासाठी ते चर्चमध्ये गेले आणि लोकांनी त्यांच्याच नावाचा घोष केला. त्यांचा तर बाप्तिस्माही झालेला नव्हता! त्यांनी टाळण्याचे नाना प्रयत्न केले. अखेर बाप्तिस्मा झाला आणि आठवड्याभरात ते बिशप झाले. अशा माणसाची प्रवचने ऑगस्टीन ऐकू लागले, आधी केवळ भाषेच्या गोडीने आणि मग अर्थासाठी.

३८६ सालापर्यंत त्यांच्या बुद्धीच्या शंका जवळजवळ फिटल्या होत्या. तरी पाऊल उचलत नव्हते. मनात एकच पालुपद चालू होते: थोड्या वेळाने, आणखी थोड्या वेळाने. सिंप्लिशियानुस नावाच्या वृद्ध धर्मगुरूंकडे ते सल्ल्याला गेले. त्यांनी वाद न घालता व्हिक्टोरिनुस नावाच्या रोममधल्या एका नामवंत पंडिताची हकिकत सांगितली. हा पंडित खासगीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असे, पण लोक काय म्हणतील म्हणून चर्चमध्ये येत नसे. शेवटी तो आला तेव्हा त्याच्या संकोचाचा विचार करून धर्मगुरूंनी श्रद्धेची कबुली आडोशाला देण्याची सवलत देऊ केली. त्याने ती नाकारली आणि सर्वांसमोर उभे राहून कबुली दिली. ही गोष्ट ऑगस्टीन ह्यांना नेमकी जिथे लागायला हवी होती तिथे लागली. त्याच वर्षी बागेतला तो प्रसिद्ध प्रसंग घडला. लहान मुलाच्या आवाजात, घे आणि वाच, अशा अर्थाचे शब्द कानी पडले, त्यांनी संत पौलाचे रोमकरांस पत्र उघडले आणि मनाची गाठ सुटली. छातीचे दुखणेही बळावले होते; त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली. ३८७ सालच्या ईस्टरच्या रात्री अँब्रोझ ह्यांच्या हस्ते त्यांचा, त्यांच्या मुलाचा आणि मित्र अलीपियुसचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतण्याच्या वाटेवर, ओस्तिया बंदरात, संत मोनिका वारल्या.

मिलानमध्ये ऑगस्टीन तयारी नाही म्हणत होते, तेव्हा त्यांच्यापाशी कमी असे काही नव्हते. होते ते सोडवत नव्हते. ह्या तयारी नसण्याला तारीख नसते, हे तिचे लक्षण. काय शिकायचे आहे, किती दिवस लागतील, कुणाची मदत हवी, ह्यांतले काहीच ती सांगत नाही. नुसते नंतर म्हणते. आता दुसरी वेळ पाहू.

३८८ साली ऑगस्टीन गावी परतले. वडिलोपार्जित मालमत्तेचा मोह सोडून काही मित्रांबरोबर ते प्रार्थना, उपवास आणि अभ्यास करीत राहू लागले. थोड्याच काळात अदेओदातुसही वारला, जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा असेल. आता शांतपणे देवाचे चिंतन करावे आणि पुस्तके लिहावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. वाईट का होती ती? मुळीच नाही. पण त्यांचे नाव आफ्रिकेत झाले होते आणि नाव झालेल्या माणसाला त्या काळी एक धोका असे. चर्चमध्ये जमलेले लोक एखाद्याला पकडत, बिशपांपुढे उभे करत आणि दीक्षा द्यायला लावत. ऑगस्टीन हे ओळखून होते. ज्या शहरात बिशपांची जागा रिकामी असेल तिथे ते पाऊलच ठेवत नसत.

३९१ सालच्या सुरुवातीला ते हिप्पो ह्या बंदराच्या शहरी गेले. आजचे अल्जेरियातील अन्नाबा ते हेच. तिथल्या एका ओळखीच्या सरकारी अधिकाऱ्याची इच्छा होती की, ऑगस्टीन ह्यांच्या तोंडून देवशब्द ऐकावा आणि मग संसाराचे पाश सोडून द्यावेत. हिप्पोला बिशप होते, तेव्हा भीती नव्हती. गंमत अशी की, ज्याच्यासाठी ते एवढ्या लांब गेले तो अधिकारी आज करतो, उद्या करतो असेच म्हणत राहिला. त्याने त्या वेळी काही निर्णय घेतला नाही. पकडले गेले ते ऑगस्टीन!

हिप्पोचे बिशप व्हॅलेरियुस हे वयोवृद्ध, भाविक आणि अडचणीत सापडलेले गृहस्थ होते. त्यांची मातृभाषा ग्रीक. लोकांची लॅटिन त्यांना बेताची येई, आणि आसपासच्या खेड्यांतली प्युनिक भाषा तर येतच नव्हती. शहरात कॅथलिक अल्पसंख्य होते. छळाच्या काळात डळमळलेल्या धर्मगुरूंच्या हातचे संस्कार खरे नव्हेत असे म्हणून वेगळा झालेला दोनातुसचा गट तिथे बळकट होता. त्यांच्या एका बिशपाने कॅथलिकांसाठी कुणी पाव भाजू नये असा हुकूम काढला होता, असे ऑगस्टीन ह्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. शेजारचा भटारीसुद्धा पाव देईना, अशी तिथली दशा! अशा धर्मग्रामाला बोलणारा माणूस हवा होता. एके दिवशी मिस्साला व्हॅलेरियुस ह्यांनी आपली ही गरज लोकांपुढे मांडली. गर्दीत ऑगस्टीन उभे आहेत हे लोकांना ठाऊक होते. त्यांनी त्यांना धरले, पुढे आणले आणि ह्यांनाच दीक्षा द्या असा एकच गलका केला.

ऑगस्टीन रडू लागले. जवळ उभ्या असलेल्या काहींना वाटले, एवढा मोठा पंडित, ह्याला बिशपच करायला हवे होते, साधे धर्मगुरू केले म्हणून वाईट वाटले असेल. त्यांनी त्यांची समजूत घातली की धर्मगुरूपदही बिशपपदाच्या जवळचेच आहे! माणसे सांत्वन करतात तेव्हा कधीकधी दुःख एकीकडे आणि सांत्वन दुसरीकडे असते, तसे हे झाले. ऑगस्टीन ह्यांना भीती वाटत होती ती पुढच्या जबाबदारीची. ज्याला वल्हे धरता येत नाही त्याला सुकाणूपाशी दुसऱ्या क्रमांकावर बसवले, अशी आपली गत झाली आहे, असे त्यांनी नंतर व्हॅलेरियुस ह्यांना कळवले. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना ह्या उपमेचा अर्थ फोडून सांगायला नको. छत्तीस वर्षांचा हा माणूस त्या दिवशी धर्मगुरू झाला.

लोकांनी केले ते योग्य होते का? आमचे मत विचाराल तर ती रीत अनुकरणीय नाही. दीक्षा घेणारा पूर्णपणे स्वतंत्र असला पाहिजे, असे आजचा ख्रिस्तसभेचा कायदा स्पष्ट सांगतो आणि ते योग्यच आहे. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते. पकडून आणल्यानंतरही ऑगस्टीन ह्यांना एका रात्री निघून तगास्तेला जाता आले असते. ते गेले नाहीत. त्यांनी बिशपांना पत्र लिहिले.

हे पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात ते म्हणतात की, धर्मगुरूचे काम वरवर आणि लोकांची खुशामत करत केले तर त्याहून सोपे काही नाही. पण प्रभूच्या मनासारखे केले तर त्याहून कठीण काही नाही. आपल्या तारणासाठी काय हवे ते आपण जाणतो, पण ते इतरांना कसे द्यावे हे आपल्याला कळत नाही. म्हणून पवित्र ग्रंथाचा अभ्यास आणि प्रार्थना करण्यासाठी थोडा वेळ द्या, ईस्टरपर्यंतचा. आता मिलानमधले ऑगस्टीन आणि हे ऑगस्टीन शेजारी ठेवून पाहा. इथेही माणूस आपली तयारी नाही असेच म्हणतो आहे. पण काय कमी आहे ते त्याला नेमके ठाऊक आहे, ते कुठे मिळेल हे ठाऊक आहे आणि कधीपर्यंत हेही त्याने सांगून टाकले आहे. त्याने मुदत मागितली आहे, सुटका नव्हे.

ह्यापुढे कुणी आम्हांला तयारी नाही असे सांगितले तर आम्ही एवढेच विचारू: कशाची नाही, आणि कधीपर्यंत? कुणी म्हणेल, वाचन करताना आवाज कापतो. कुणी म्हणेल, बायबलमधली नावे उच्चारता येत नाहीत. एखादी माउली म्हणेल, मुलांनी प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही तर काय करू? ही सगळी खरी उत्तरे आहेत आणि प्रत्येकावर उपाय आहे. शनिवारी संध्याकाळी येऊन दोनदा वाचून पाहता येते. शिक्षकांनाही मुलांपुढे, विचारून सांगते, असे म्हणता येते.

पण पुढे येणाऱ्याकडूनच सगळी अपेक्षा करणे बरोबर नाही. बोलावणाऱ्यानेही काही करायला हवे. व्हॅलेरियुस ह्यांची थोरवी इथे दिसते. त्यांनी ऑगस्टीन ह्यांना मठासाठी चर्चच्या बागेतली जागा दिली, म्हणजे मित्रांबरोबरची ती प्रार्थनेची राहणी सोडावी लागू नये. (त्या राहणीतून निघालेल्या नियमावर पुढे ऑगस्टिनियन संघ उभा राहिला. १५७२ साली त्यांचे व्रतस्थ गोव्यात आले. जुन्या गोव्यात त्यांच्या चर्चचा उंच, अर्धा ढासळलेला मनोरा आपल्यातल्या यात्रेकरूंनी पाहिला असेल. ८ मे २०२५ रोजी निवडले गेलेले पोप लिओ चौदावे ह्याच संघाचे.) व्हॅलेरियुस ह्यांनी दुसरी गोष्ट केली ती अधिक धाडसाची. आफ्रिकेत बिशपांच्या उपस्थितीत धर्मगुरूने प्रवचन करण्याची प्रथा नव्हती. ते काम फक्त बिशपांचे. व्हॅलेरियुस स्वतः आपल्या आसनावर बसून राहत आणि ऑगस्टीन ह्यांना बोलायला लावत. काही बिशपांनी नाके मुरडली. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेत ही रीत आहे हे त्यांना माहीत होते. त्यांनी टीकेकडे लक्ष दिले नाही. ज्याचा अधिकार आहे त्याने गप्प बसून दुसऱ्याला ऐकणे, आणि लोक त्या दुसऱ्याचे कौतुक करतात तेव्हा मनापासून आनंद मानणे, हे सोपे नाही. आम्ही धर्मगुरू हे जाणतो. काही वर्षांत इतर बिशपही आपल्या धर्मगुरूंना प्रवचने करू देऊ लागले.

मग कामे येतच गेली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जड. ३९२ साली मानीच्या पंथाचा फॉर्तुनातुस नावाचा पुढारी हिप्पोत जम बसवून होता. शहरातल्या लोकांनी गळ घातली आणि सार्वजनिक स्नानगृहात दोन दिवस त्याच्याशी जाहीर वाद झाला. अखेर फॉर्तुनातुस शहर सोडून गेला. ३९३ साली हिप्पोत आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद भरली. तिथे श्रद्धेच्या मूलतत्त्वांवर बोलायला त्यांनी साध्या धर्मगुरूलाच उभे केले. ३९५ साली संत लेओन्तियुस ह्यांच्या सणाला चर्चमध्येच चालणारे मद्यपान बंद करण्याचे अप्रिय कामही त्यांच्याच वाट्याला आले. पहिल्या दिवशी ऐकायला मोजकी माणसे होती आणि बाहेर कुरकुर झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथ हाती घेऊन पुन्हा विनवले, लोक रडले, तेही रडले आणि सणाची तऱ्हा बदलली. सण आणि मद्य ह्या विषयावर इथे आम्ही अधिक लिहीत नाही; सुज्ञांस सांगणे न लगे.

३९५-९६ च्या सुमारास व्हॅलेरियुस ह्यांनी हयातीतच त्यांना आपले सहबिशप केले. दुसऱ्या शहराने पळवून नेऊ नये ही धास्ती होतीच! त्याआधी त्या प्रांताच्या ज्येष्ठ बिशपांनी ऑगस्टीन ह्यांच्याविरुद्ध आरोप केले होते. ते त्यांनी मागे घेऊन क्षमा मागितली. लवकरच व्हॅलेरियुस वारले. आता सुकाणू पूर्णपणे हाती आले, ते पस्तीस वर्षांसाठी. त्या पस्तीस वर्षांत त्यांनी आत्मनिवेदनाचा तो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, ४१३ ते ४२६ ह्या काळात देवाच्या नगरीवरचा मोठा ग्रंथ पूर्ण केला, आणि लोकांचे तंटे सोडवण्यात कितीतरी सकाळी घालवल्या. ह्या तंट्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता, तरी ते बसत.

आपल्या आजच्या विषयासाठी मात्र आम्हांला त्यांचे एक छोटे पुस्तक महत्त्वाचे वाटते. इ.स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने त्यांना आपली अडचण कळवली. नव्याने श्रद्धेकडे येणाऱ्यांना शिकवण्यासाठी लोक त्याच्याकडेच आणत, पण बोलता बोलता त्याचे बोलणे त्याला स्वतःलाच नीरस वाटू लागे. आपल्या धर्मशिक्षकांचे हेच दुखणे! ऑगस्टीन ह्यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिले. त्यांनी आधी सांगितले की, आपल्यालाही स्वतःचे बोलणे जवळजवळ नेहमीच अपुरे वाटते. मनात जे लख्ख दिसते ते जिभेवर येईपर्यंत विझते. पण ऐकणाऱ्याला तितके कमी मिळत नाही. नाहीतर लोक पुन्हा पुन्हा तुझ्याकडे कशाला येतील? मग त्यांनी बारीकसारीक सूचना केल्या. शिकवणाऱ्याने आनंदाने शिकवावे. ऐकणारा जांभया देऊ लागला तर विषय बदलावा. तो उभा राहून दमला असेल तर त्याला बसायला द्यावे. सुमारे नऊ वर्षे मागे गेलो तर ह्याच हाताने ईस्टरपर्यंत मुदत मागणारे पत्र लिहिले होते.

आग्रह कुठे थांबवायचा, हेही ते शिकले होते. ४१० साली रोम लुटले गेल्यावर पिनियानुस नावाचा अतिश्रीमंत तरुण कुटुंबासह आफ्रिकेत आला. ४११ साली तो हिप्पोच्या चर्चमध्ये दिसताच लोकांनी पुन्हा तोच जुना गलका केला: ह्याला दीक्षा द्या! ऑगस्टीन ह्यांनी आधीच पिनियानुसला शब्द दिला होता की त्याच्या मनाविरुद्ध दीक्षा देणार नाही. त्यांनी लोकांना तसे सांगितले. लोक ऐकेनात. दंगा होण्याची वेळ आली, आणि आपण हिप्पोतच राहू, दुसरीकडे कुठे दीक्षा घेणार नाही, अशी शपथ पिनियानुसने घेतली तेव्हा कुठे निभावले. त्याच्या सासूने नंतर उघडच संशय व्यक्त केला की लोकांना धर्मगुरू नको होता, त्याचा पैसा हवा होता. ऑगस्टीन ह्यांनी लोकांची बाजू सावरणारे पत्र लिहिले, पण त्यांनी स्वतः पिनियानुसवर हात ठेवला नाही. एखाद्याला पुढे ये म्हणताना आपल्याला तो हवा आहे की त्याच्याकडचे काही, हे आम्ही बोलावणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवे. देणगीदाराला समितीवर घेण्याची घाई आपल्याकडेही होतेच.

वय झाल्यावर, २६ सप्टेंबर ४२६ रोजी, त्यांनी लोकांना चर्चमध्ये बोलावून एराक्लियुस नावाच्या धर्मगुरूला आपला वारस म्हणून जाहीर केले. पण त्याला लगेच बिशप केले नाही. एका शहरात एकाच वेळी दोन बिशप नसावेत असे निकेया परिषदेने ठरवले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या वेळी हे त्यांना किंवा व्हॅलेरियुस ह्यांना माहीत नव्हते. जी चूक आपल्या बाबतीत झाली ती ह्या मुलाच्या बाबतीत नको, असे त्यांनी लोकांना सांगितले. पुढे एराक्लियुस प्रवचनाला उभा राहिला तेव्हा वृद्ध ऑगस्टीन आसनावर गप्प बसून ऐकत होते. बिचारा एराक्लियुस इतका संकोचला की हंस गप्प असताना किरकिरणाऱ्या किड्याशी त्याने स्वतःची तुलना केली. पण बोलला.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. बाहेरून आलेले निर्वासित आणि आसरा घेतलेले बिशप ह्यांनी शहर भरून गेले. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. त्यांनी प्रायश्चित्ताची स्तोत्रे लिहून पलंगासमोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचून ते रडत. शेवटचे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारे सोडून कुणीही आत येऊ नये अशी त्यांची विनंती होती. मृत्युपत्र केले नाही, कारण देण्यासारखे स्वतःचे काही उरलेच नव्हते. चर्चची ग्रंथशाळा तेवढी जपावी असे ते सांगत. २८ ऑगस्टला ते वारले तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते.

त्या आजारपणातली एक हकिकत त्यांचे शिष्य आणि चरित्रकार बिशप पोसिदियुस ह्यांनी नोंदवली आहे. एक मनुष्य आपल्या आजारी नातेवाइकाला घेऊन आला आणि ह्याच्यावर हात ठेवा, हा बरा होईल, अशी विनवणी करू लागला. ऑगस्टीन म्हणाले की, आपल्यात तशी काही शक्ती असती तर ती आपण आधी स्वतःवरच वापरली असती. त्या मनुष्याने सांगितले की, बिशप ऑगस्टीन ह्यांच्याकडे जा, ते हात ठेवतील, असे आपल्याला स्वप्नात सांगण्यात आले आहे. हे ऐकल्यावर ऑगस्टीन ह्यांनी आणखी काही म्हटले नाही. पडल्या पडल्या त्यांनी आजाऱ्यावर हात ठेवला, आणि तो मनुष्य बरा होऊन घरी गेला.